पाषाणही वाकतो

अंबड हे एके काळी नाशिकच्या वेशीबाहेरचे शेतीचे गाव होते. आता ते नाशिक शहरात सामावून गेले असून त्याच्या नावाने मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली आहे. तेथील कारखान्यांत लोखंड तापविले जाते, ठोकले जाते आणि हव्या त्या आकारास आणले जाते. ह्या वसाहतीपासून थोड्याच अंतरावर पांडवलेण्यांचा डोंगर आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुशल पाथरवटांनी छिन्नी-हातोड्याने ह्या डोंगराचा काळा कातळ फोडून त्यात चोवीस लेणी कोरली. एकीकडे वाकणारे लोखंड आणि दुसरीकडे फुटणारा दगड, असे दोन पदार्थांचे दोन स्वभाव येथे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात.

मी शाळेत शिकवीत असताना एकदा सातवीच्या मुलांना घेऊन ही लेणी पाहावयास गेलो होतो. परतताना वाटेत एका लोहाराची भट्टी लागली. लोहाराने सांडशीत धरलेली लालबुंद पहार ऐरणीवर ठेवली, घणाचे चार घाव घातले आणि पाहता पाहता तिचे टोक आकड्यासारखे वळविले. मुले थक्क होऊन पाहत राहिली. इतक्यात एका मुलाने खिशातून काळ्या दगडाची कपची काढली आणि तो म्हणाला, "काका, हा दगडही असाच वाकवून दाखवा ना!"

लोहार हसला. त्याने मुलांना दूर उभे केले आणि ती कपची भट्टीच्या कडेला निखाऱ्यांत सरकविली. थोडा वेळ गेला आणि ताडकन आवाज होऊन तिचे तुकडे उडाले. लोहार म्हणाला, "बघितलंत, पोरांनो? लोखंडाला समज आहे, दगडाला नाही."

मुलांना ते पटले. परंतु तो कपचीवाला मुलगा मला वाटेत म्हणाला, "गुरुजी, मग भूगोलाच्या पुस्तकात खडकांच्या वळ्या दाखवल्या आहेत, त्या कशा पडल्या? दगड जर वाकतच नाही, तर त्या वळ्या खोट्या काय?"

प्रश्न मोठा मार्मिक होता. (दगड विस्तवात टाकण्याचा प्रयोग मात्र तुम्ही कधीही करू नका, उडालेली कपची डोळा घेऊ शकते.) लोहाराचा अनुभव खरा होता आणि पुस्तकातील चित्रही खरे होते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते आता आपण पाहू.

लोहाराच्या भट्टीत दगडाला उष्णता मिळाली. पण ती सर्व बाजूंनी सारखी मिळाली नाही. निखाऱ्यांकडचा भाग अधिक तापून प्रसरण पावला, आतला भाग मागे राहिला आणि दगडात ताण निर्माण झाला. त्या ताणाने एक बारीक चीर पडली. चिरेला उघडण्यास मोकळी जागा होती; कारण दगडाभोवती हवेशिवाय काही नव्हते. चीर उघडली, वाढली आणि दगड फुटला. आता असा विचार करा, की हीच कपची चारही बाजूंनी, वरून आणि खालून इतकी घट्ट आवळली आहे, की चिरेला उघडण्यास केसाएवढीही जागा नाही. मग काय होईल? दोरीने करकचून बांधलेल्या मोळीतील एक लाकूड ओढून पाहा, ते निघत नाही. मोळी सैल असली तर सहज निघते. दगडाच्या कणांचेही असेच आहे. चहूबाजूंनी दाब असला म्हणजे भेगा मिटलेल्या राहतात आणि कणांना एकमेकांपासून सुटून जाता येत नाही.

असा दाब जमिनीच्या पोटात सहज मिळतो. तुमच्या पायाखालचा एक किलोमीटर जाडीचा खडक खालच्या खडकावर जे ओझे टाकतो, ते सुमारे २७० वातावरणांच्या दाबाइतके असते. म्हणजे आपल्या अंगावर हवेचा जेवढा भार आहे, त्याच्या २७० पट! दहा किलोमीटर खोलीवर हा दाब २,७०० पटींवर जातो. खोलीबरोबर उष्णताही वाढते. निरनिराळ्या प्रदेशांत हे प्रमाण निरनिराळे असते. तरी दर किलोमीटरला साधारणपणे १५ ते ३० अंश सेल्सियस तापमान चढते, असे म्हणता येईल. म्हणजे पंधरा किलोमीटर खाली गेले, तर तेथे सुमारे ४,००० वातावरणांचा दाब आणि अडीचशे ते पावणेपाचशे अंशांची उष्णता एकत्र नांदत असतात. तो खडक वितळलेला नसतो; घनच असतो. पण त्याचा स्वभाव मात्र बदललेला असतो.

एवढ्या खोलीवर जाऊन पाहणे मनुष्यास शक्य नाही. म्हणून शास्त्रज्ञांनी पाताळातील परिस्थिती प्रयोगशाळेत निर्माण केली. कॅनडातील माँट्रियल येथे अ‍ॅडम्स आणि निकल्सन ह्या दोघा संशोधकांनी संगमरवराचे छोटे स्तंभ जाड लोखंडी नळ्यांत घट्ट बसविले आणि त्यांवर यंत्राने प्रचंड भार दिला. काही स्तंभांना त्यांनी तापविलेही. नंतर नळी कापून पाहिली, तो आतील संगमरवर मधोमध पिंपासारखा फुगलेला, पण अखंड! हे प्रयोग १९०१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर १९११ मध्ये जर्मनीतील गटिंगेन येथे काम करणाऱ्या थिओडोर फॉन कारमान ह्यांनी अधिक बारकाईने हीच गोष्ट दाखविली. भोवती दाब नसताना भार दिला, की संगमरवर तडकून फुटे. भोवतीचा दाब पुरेसा वाढविला, की तोच संगमरवर न फुटता दबत जाई. दगड तोच, भार देण्याची रीत तीच; बदलला तो केवळ सभोवतालचा दाब.

दाबाचे कार्य हे असे आहे : तो फुटणे रोखतो. वाकणे सुलभ करण्याचे कार्य उष्णतेचे. थंडीच्या दिवसांत पहाटे मेणबत्ती वाकवावयास जा, ती मोडते. दुपारी उन्हात ठेवलेली मेणबत्ती मात्र मुकाट्याने वाकते. गुळाच्या ढेपेचेही तसेच. दगडातील खनिजांच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा शिस्तीने मांडलेल्या असतात. ह्या रांगा एकदम सरकविणे फार कठीण असते. परंतु प्रत्येक स्फटिकात कोठे ना कोठे मांडणीचा एखादा बारीक दोष असतोच. मोठी जड सतरंजी ओढून सरकत नाही; पण तिच्या एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे पुढे लोटीत नेली, की सबंध सतरंजी एक बोटभर सरकते. स्फटिकातील दोषही असाच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि स्फटिक न मोडता किंचित सरकतो. उष्णतेने अणू अधिक वेगाने थरथरतात. त्यामुळे ही सुरकुती पुढे जाणे सोपे होते. गारगोटीचे म्हणजे क्वार्ट्झचे स्फटिक सुमारे ३०० अंशांपलीकडे असे सरकू लागतात. फेल्डस्पार नावाचे खनिज अधिक हट्टी असते. त्याला साडेचारशे-पाचशे अंशांची उष्णता लागते. म्हणून एकाच खडकात काही कण वाहतात, तर काही तडकतात.

दाब आणि उष्णता ह्यांच्या जोडीला तिसरी गोष्ट लागते आणि ती म्हणजे काळ. रस्त्यासाठी आणलेल्या डांबराच्या गार गोळ्यावर हातोडा मारला, तर त्याच्या काचेसारख्या ठिकऱ्या उडतात. तोच गोळा महिनोन् महिने पडून राहिला, तर आपल्याच वजनाने हळूहळू पसरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ मध्ये पार्नेल नावाच्या अध्यापकांनी काचेच्या नरसाळ्यात असाच डांबरासारखा एक पदार्थ भरून ठेवला आणि तो पुरता स्थिर झाल्यावर १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड उघडले. २०१४ सालापर्यंत त्यातून अवघे नऊ थेंब पडले! घाई केली तर फुटणारा पदार्थ धीर धरला तर वाहतो, हे ह्या प्रयोगाने सर्वांना दिसले. पृथ्वीच्या पोटात तर घाई मुळीच नाही. तेथे खडक वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर सरकला तरी दहा लाख वर्षांत एक किलोमीटर अंतर कापतो.

आता त्या मुलाच्या वळ्यांकडे वळू. खडकांचे आडवे थर दोन्ही बाजूंनी रेटले गेले, तर ते कसे वागतील, हे स्कॉटलंडमधील सर जेम्स हॉल ह्यांनी अगदी साध्या साधनांनी दाखविले. त्यांनी कापडाचे पुष्कळ थर एकावर एक रचले, वर वजन ठेवले आणि दोन्ही बाजूंनी ते रेटले. थरांना सुंदर वळ्या पडल्या. समुद्रकाठच्या कड्यात त्यांनी पाहिलेल्या वळ्यांसारख्याच त्या होत्या. १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग तुम्हांला घरी गोधड्या घेऊन करता येईल. गोधड्यांवर पाट ठेवून दोन्ही बाजूंनी त्या दाबा. वर पाट नसेल, तर गोधड्या नुसत्या उचलल्या जातात. पाट असेल, तर त्यांना नीट आणि घट्ट वळ्या पडतात.

ह्या वळ्या पाहण्यासाठी परदेशी जावयास नको. आपल्या महाराष्ट्रात नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांत, रामटेक, मनसर, देवलापार ह्या भागांत फार प्राचीन खडक उघडे पडलेले आहेत. मूळचे ते चिखल, वाळू आणि चुना ह्यांचे साधे थर होते. पुढे ते खोल गाडले गेले, तापले, दाबले गेले आणि वाकले. चुनखडीचा संगमरवर झाला. चिखलातून चमकदार अभ्रकाचा पापुद्रेदार खडक बनला. त्यातील अभ्रकाचे पत्रे दाबाच्या दिशेशी काटकोनात एका ओळीने आडवे झाले. मँगनीजयुक्त थरांतून गारगोटी आणि तांबूस याकुतासारखे मणी असलेला एक खडक तयार झाला. फर्मोर ह्या भूशास्त्रज्ञांनी १९०९ मध्ये त्या खडकाला 'गोंडाइट' असे नाव दिले. ह्या प्रदेशातील गोंड लोकांवरून हे नाव आले आहे. देवलापारच्या परिसराचा अभ्यास करून वेस्ट ह्या भूशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये दाखविले, की तेथे खडकांची एक प्रचंड घडी आडवी होऊन दुसऱ्या खडकांवर सरकत गेली आहे. अंथरुणाची घडी दुसऱ्या अंथरुणावर लोटावी, तसाच हा प्रकार. मनसरच्या खाणीतील कामगाराला मँगनीजचा थर कोठे वळतो, कोठे जाड होतो आणि कोठे बुडी मारतो, हे जाणून घ्यावेच लागते; कारण दगड पूर्वी कसा वाकला, ह्यावरच आज खाण कोठे खणावी, हे ठरते.

मग नाशिकचा कातळ का वाकला नाही? पांडवलेण्यांच्या डोंगरापुढे उभे राहून पाहा. थर जवळजवळ आडवे दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, पसरला आणि निवाला. त्यावर पुन्हा दुसरा थर, मग तिसरा, असे थरावर थर साचले. सह्याद्रीतील ह्या थरांची एकूण जाडी काही ठिकाणी दीड किलोमीटरहूनही अधिक आहे. परंतु हे थर पृथ्वीच्या पोटात फार खोल कधी गेलेच नाहीत आणि त्यांना दोन्ही बाजूंनी रेटणारी मोठी शक्तीही भेटली नाही. ह्याची साक्ष तुमच्याच परिसरात मिळते. विहीर खणताना किंवा खाणीत दगड फोडताना काळ्या कातळाच्या पोकळ्यांत पांढरे, गुलाबी, काचेसारखे सुंदर स्फटिक सापडतात. त्यांतील अनेक 'झिओलाइट' ह्या गटातील खनिजांचे असतात. ह्या खनिजांच्या अंगात पाणी असते. तापविले असता ते निघून जाते. लाव्हा निवाल्यावर कातळात झिरपलेल्या कोमट-गरम पाण्यातून ती तयार झाली. हा कातळ जर पुढे पंधरा किलोमीटर खोल जाऊन चारशे अंशांना तापला असता, तर हे नाजूक स्फटिक टिकले नसते. म्हणून एक लहानसा स्फटिक हातात घेऊन आपण खात्रीने म्हणू शकतो, की हा कातळ आपल्या जन्मापासून पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळच राहिला आहे. दगडाची जन्मकुंडली वाचावयाची ती अशी!

परंतु नाशिकचा कातळ वाकलेला नाही, एवढ्यावरून त्याच्याखालीही सर्व काही तसेच आहे, असे समजू नका. सातारा जिल्ह्यात कोयनेजवळ गोठणे येथे भारत सरकारच्या शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडले. हे काम २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे साडेबाराशे मीटरपर्यंत काळा कातळ लागला आणि त्याच्याखाली एकदम निराळाच, ग्रॅनाइटाच्या जातीचा पट्टेदार खडक आला. तो अडीचशे कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्या अंगावरील पट्टे हीच त्याच्या जुन्या वाकण्याची आणि ताणले जाण्याची खूण. लातूर जिल्ह्यात किल्लारीलाही असेच छिद्र घेतले, तेव्हा तेथे काळा कातळ अवघा ३३८ मीटर जाड निघाला आणि पुढे असाच प्राचीन खडक लागला. म्हणजे आपल्या काळ्या कातळाच्या चादरीखाली वाकलेल्या प्राचीन खडकांचे अंथरूण आहे.

ही छिद्रे शास्त्रज्ञांनी केवळ कुतूहलाने पाडली नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा परिसर हादरला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्याच्या सुमारास, गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले असताना किल्लारी आणि तिच्या आसपासची गावे ढिगाऱ्याखाली गेली. हजारो माणसे मरण पावली. असे का झाले? भारताचा भूखंड उत्तरेकडे आशियाला रेटत आहे आणि त्या रेट्याचा ताण देशभरच्या खडकांत साठत असतो. खोलवरच्या तप्त खडकाला ताण सोसवला नाही, तर तो हळूहळू वाहून त्याला वाट देतो. पण वरच्या दहा-पंधरा किलोमीटरांतील खडक थंड असतो. तो वाहू शकत नाही. धनुष्यासारखा किंचित वाकून ताण साठवून ठेवतो. सहनशक्ती संपली, की जुन्या भेगेवरून तो एकदम सरकतो. तोच भूकंप. कोयनेच्या परिसरातील भूकंप ह्याच थंड थरात होतात आणि तेथे जलाशयाच्या पाण्याच्या भाराचा व भेगांत शिरणाऱ्या पाण्याचा त्यांच्याशी संबंध आहे, असे अभ्यासाने दिसून आले आहे. लोहाराच्या भट्टीत कपचीचे जे झाले, तेच येथे प्रचंड प्रमाणात होते. ज्या खडकाला वाहण्याइतकी ऊब मिळाली नाही, तो तुटतो.

भूकंप नेमका कोणत्या दिवशी होईल, हे आजही कोणास सांगता येत नाही. परंतु किल्लारीने एक गोष्ट स्पष्ट शिकविली. तेथील जुन्या घरांच्या भिंती जाड, गोल दगडांच्या आणि मातीच्या गाऱ्यात रचलेल्या होत्या. दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. जमीन हादरताच भिंतीची आतली व बाहेरची बाजू सुटली आणि छपराच्या मातीसकट ती झोपलेल्यांवर कोसळली. माणसे भूकंपाने मेली, असे आपण म्हणतो; खरे पाहता ती बहुतेक भिंतींखाली मेली. दोन्ही बाजूंना सांधणारे लांब दगड भिंतीत घालणे, दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती काँक्रीटचा अखंड पट्टा देणे, कोपरे पक्के बांधणे, ह्या साध्या गोष्टी मोळीच्या दोरीचे काम करतात. भिंत मग थोडी हलते, तडकते. पण एकदम विस्कटत नाही. जे दाबाने पाताळातील दगडाला साधते, ते माणसाला आपल्या घराच्या बाबतीत विचाराने साधावे लागते.

पुढे काही दिवसांनी मी त्या लोहाराकडे पुन्हा गेलो आणि नागपूरकडच्या खडकाचा एक वळीदार तुकडा त्याला दाखविला. त्याने तो बराच वेळ उलटसुलट करून पाहिला, पट्ट्यांच्या वळणावरून अंगठा फिरविला आणि विचारले, "गुरुजी, हा ठोकला कोणी?"

मी म्हणालो, "कोणी नाही. दहा-पंधरा किलोमीटर खडकाच्या ओझ्याने तो धरून ठेवला, पृथ्वीच्या उष्णतेने तापविला आणि लाखो वर्षे सावकाश दाबला."

तो क्षणभर गप्प राहिला. मग तुकडा माझ्या हातात परत देत म्हणाला, "मग तुमच्या त्या पोराला सांगा, दगडालाही समज आहे म्हणावं. माझ्याजवळ तेवढा वेळ नव्हता."